इंग्रजीचे सर व्हा! नगर जिल्ह्यातील होतकरूंसाठी मार्गदर्शिका

दोन शब्द

विहिरीला पाणी नाही, पोलीस भरतीत उंची सेंटिमीटरभर कमी पडली आणि एमपीएससीचं वय निघून चाललं, असा कोणताही पदवीधर नगर जिल्ह्यात शेवटी एकाच निर्णयाला येतो : मास्तर व्हायचं. आणि व्हायचंच तर इंग्रजीचं. गणिताच्या सरांचं उत्तर चुकलं तर पोरं फळ्यावरच पकडतात. इतिहासाच्या सरांचं चुकलं तर गावात मोर्चा निघतो. इंग्रजीच्या सरांचं चुकलं तर ते चुकलं हे सांगणारा माणूस पंचक्रोशीत सापडत नाही. याला नोकरीची सुरक्षितता म्हणतात.

चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटल्याचं दर शिक्षकदिनी ऐकायला मिळतं. आपला जिल्हा दूध संघांचा. संकलन केंद्रावर गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ लागतं. पॉइंट खाली आला की दर पडतो. वाघिणीच्या दुधाला ही भानगड नाही. कॅन भरलेला दिसला की पावती मिळते. तो कॅन कसा भरावा, एवढंच ही मार्गदर्शिका सांगते. मॅडम व्हायचं असेल तरी पायऱ्या याच. फक्त त्या सकाळचा स्वयंपाक उरकून चढायच्या.

पायरी पहिली : परंपरा सांगता आली पाहिजे

मुलाखतीत, सत्कारात आणि निरोप समारंभात ‘नगर आणि इंग्रजी’ यावर चार वाक्यं बोलावी लागतात. ती तयार ठेवावीत.

पहिलं नाव पंडित नेहरूंचं. ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ त्यांनी नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना लिहिला, १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत. नगरच्या हवेत उत्तम इंग्रजी लिहिता येतं, हे यातून सिद्ध होतं. मात्र परिस्थितीही ध्यानात घ्यावी. नेहरूंना तिथे खिचडीचं रजिस्टर नव्हतं, मतदार याद्यांचं काम नव्हतं आणि केंद्रप्रमुखांची अचानक भेट नव्हती. सोबतीला मौलाना आझादांसारखे विद्वान होते. आजच्या स्टाफरूममध्ये ही सोय होईलच असं नाही.

दुसरं नाव स्पाइक मिलिगन यांचं. १६ एप्रिल १९१८ रोजी हे गृहस्थ नगरमध्ये जन्मले. वडील ब्रिटिश लष्करात होते. पुढे इंग्लंडात जाऊन ‘द गून शो’ या रेडिओ कार्यक्रमातून त्यांनी इंग्रजीची अशी काही मोडतोड केली की अख्खा देश हसून लोळला. त्यासाठी त्यांना मानसन्मान मिळाले. तेच काम आपल्याकडे अनेकजण रोज अकरा ते पाच करतात आणि कुणी साधी दखल घेत नाही.

तिसऱ्या नावाकडे पायरी तिसरीत येऊ. तिथे छाननीचा प्रश्न आहे.

पायरी दुसरी : पोथ्या जमवणे

घरात तीन पोथ्या असाव्यात. एक, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. ही आजोबांच्या ट्रंकेत सापडते. वाचली नाही तरी चालेल, पण ‘आमच्या वेळी तर्खडकर होता’ असं म्हणता येण्याइतपत धूळ झाडावी. दोन, रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि पुढे ‘बो जेस्ट’सारख्या साहसकथा लिहून गाजले. कोणती कामगिरी जास्त धाडसाची, यावर मतभेद आहेत. तीन, गाईड. पहिल्या दोन पोथ्या कपाटात दिसायला, तिसरी वर्गात न्यायला. तिला बाहेरून पाठ्यपुस्तकाचं कव्हर घालावं.

व्याकरणापैकी ‘नो सूनर… दॅन’, ‘ॲज सून ॲज’ आणि ‘रिमूव्ह टू’ हे तीन प्रकार पक्के करावेत. इंग्लंडात ‘नो सूनर’ रोजच्या बोलण्यात फारसं कुणी वापरत नाही, म्हणून ते टिकवायची जबाबदारी महाराष्ट्रावर आली आहे. ‘डू ॲज डायरेक्टेड’ या मथळ्याखाली ते परीक्षेत येतं. सांगितलं ते निमूट करा, असा त्याचा एकूण सूर असल्याने पुढच्या नोकरीचीही तयारी आपोआप होते.

पायरी तिसरी : तोंड न उघडता परीक्षा

पदवीनंतर बी.एड. हा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला. त्यात पाठ टाचण, सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ आणि इंटर्नशिप येते. सराव पाठ इंग्रजीतून द्यावा लागतो. घाबरू नये. पाठ तोंडपाठ करावा आणि कोणत्या प्रश्नाला कोणी हात वर करायचा हे पोरांना आदल्या दिवशी सांगून ठेवावं. निरीक्षक प्राध्यापक पाच मिनिटांनी फाइल बघायला लागतात. फाइलचं अक्षर मात्र सुबक हवं, समास लाल शाईचा.

मग टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. महाराष्ट्रात ही २०१३ पासून आहे. १५० प्रश्न, १५० गुण, ६० टक्क्यांना पास. आरक्षित प्रवर्गाला ५५. आधीच नोकरीत असलेले बरेच दिवस निवांत होते. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांनाही टीईटी बंधनकारक केली. ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे, त्यांना मुदत दोन वर्षं. पन्नाशीतले सर आता रात्री पोरीच्या टेबलावर बसून बालमानसशास्त्र पाठ करतात आणि पोरगी टीव्हीचा आवाज कमी करते.

त्यानंतर टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० प्रश्न, १२० मिनिटं. एका प्रश्नाला छत्तीस सेकंद मिळतात. वर्गातला एक पोरगा जागेवर बसवायला याहून जास्त वेळ लागतो, पण ते अभ्यासक्रमात नाही.

इथे एक दिलासा. टीईटी आणि टेट दोन्हींत दिलेल्या पर्यायांपैकी एक निवडायचा असतो. इंग्रजीचा शिक्षक इंग्रजी बोलू शकतो का, हा प्रश्न त्यांत कुठेच विचारला जात नाही. तेव्हा त्यावर वेळ घालवू नये.

नियम नीट कळावेत म्हणून नमुन्यादाखल एका जुन्या उमेदवाराची छाननी देत आहोत.

*उमेदवार :* सावित्रीबाई जोतीराव फुले. *जन्म :* ३ जानेवारी १८३१. *अध्यापनास प्रारंभ :* १८४८, भिडे वाडा, पुणे. *वय :* १७, सबब अल्पवयीन. *बारावी :* नाही. *प्रशिक्षण :* नगर येथे मिस सिंथिया फरार यांच्याकडे, असं चरित्रांत येतं. सदर मिस फरार या अमेरिकन मराठी मिशनच्या बाई १८२७ साली मुंबईत उतरल्या, १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत इथेच मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या. शिकवण्याआधी त्यांना स्वतः मराठी शिकावी लागली. संस्थेला एनसीटीईची मान्यता नाही. *टीईटी :* गैरहजर. *इंग्रजीविषयी अभिरुची :* १८५४ च्या ‘काव्यफुले’ संग्रहात इंग्रजीला माउली म्हणणारी कविता आहे. परंतु कवितेस गुण नाहीत. *इतर :* शाळेच्या वाटेवर अंगावर शेणमाती येत असल्याने सोबत जादा साडी बाळगत. प्रवास भत्ता देय नाही. *शेरा :* अपात्र.

मिस फरार यांची स्वतंत्र छाननी केली नाही. परदेशी नागरिकांचा रकाना भरतीच्या पोर्टलवर सापडला नाही.

पायरी चौथी : नेमणूक

शासकीय मार्ग म्हणजे पवित्र पोर्टल. २०१२ साली भरतीवर बंदी आली. पोर्टल आलं २०१७ साली. मधल्या काळात डी.एड. झालेली एक पिढी विमा एजंट, सेतू चालक आणि सरपंच झाली. अर्ज भरताना जिल्ह्याचं नाव जपून टाकावं. २०२४ पासून आपण अहिल्यानगरचे, दहावीच्या प्रमाणपत्रावर अहमदनगरचे आणि माळीवाड्याच्या स्टँडवर अजूनही नुसते नगरचे. तिन्ही ठिकाणचा माणूस एकच आहे, याचं प्रतिज्ञापत्र करून ठेवलेलं बरं.

पसंतीक्रमात ‘मुलाखतीशिवाय’ आणि ‘मुलाखतीसह’ असे दोन प्रकार असतात. पहिला मुख्यतः जिल्हा परिषदेचा, दुसरा खासगी संस्थांचा. मुलाखतीत पहिला प्रश्न ‘गाव कोणतं?’, दुसरा ‘तिकडचे कोण तुमचे?’ आणि तिसरा ‘बाकी तयारी आहे ना?’ असा असू शकतो. तिन्ही मराठीत असतात. इंग्रजीच्या जागेची मुलाखत इंग्रजीत घेतली तर पॅनेलवरच्या कुणाची तरी पंचाईत व्हायची, म्हणून सर्वांच्या इभ्रतीचा विचार करून ही पद्धत पडली आहे.

निवड झाली की तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन २०२३ पासून वाढून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. त्याआधी ते सहा, आठ आणि नऊ हजार होतं. विनाअनुदानित शाळा मिळाली तर गणित निराळं. २००९ साली शासनाने ‘कायम विनाअनुदानित’मधला ‘कायम’ काढला. तेव्हापासून अनुदान वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्याने येतं. पहिला टप्पा येईतो सरांच्या डोक्यावर केस असतात. कॉलेजात जायचं असेल तर सीएचबी, म्हणजे घड्याळी तासांवर पैसे. सीएचबीच्या प्राध्यापकांचं लग्न जमताना मुलीचे वडील ‘परमनंट कधी होणार?’ एवढंच विचारतात. या प्रश्नाचं उत्तर फ्यूचर परफेक्टमध्ये द्यावं.

पायरी पाचवी : तालुका ओळखणे

नगर क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त, तालुके चौदा. उत्तरेत राहाता, कोपरगाव, संगमनेर या पट्ट्यात पाट, ऊस, कारखाने आणि पिवळ्या बसच्या इंग्लिश मीडियम शाळा. तिथे पालक टाय बघून फी भरतात. सरांनी टाय लावावा आणि आवाज खालचा ठेवावा. दक्षिणेत जामखेड, कर्जत, पाथर्डीकडे दसरा-दिवाळीनंतर निम्मा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला, कोयत्यावर गेलेला असतो. उरलेल्या निम्म्यावर निकाल काढायचा. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळा बदलीच्या यादीत ‘अवघड क्षेत्रा’त येतात. अवघड क्षेत्रात रस्ता नसतो, रेंज नसते, पण ‘गुड मॉर्निंग सर’ सगळीकडे सारख्याच चालीत म्हणतात.

पायरी सहावी : वर्गात उभं राहणे

प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीपासून होतं. ज्या गुरुजींची स्वतःची एबीसीडी पाचवीत सुरू झाली होती, त्यांच्यापुढे सहा वर्षांची पोरं इंग्रजीसाठी बसली. गुरुजींनी ते निभावलं, कारण त्यांच्याकडे एक पद्धत होती. ती तुम्हालाही उपयोगी पडेल.

डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात खडू. एक शब्द वाचावा आणि थांबावं.

‘देअर म्हणजे?’

‘तिथे!’

‘वॉज म्हणजे?’

‘होता!’

‘किंग म्हणजे?’

‘राजाऽऽ!’

‘पूर्ण वाक्याचा अर्थ काय?’

इथे वर्ग गप्प होतो. मग खिडकीजवळचा कुणीतरी चाचरत म्हणतो, ‘तिथे होता… राजा.’ कुठे होता, हे राजालाही ठाऊक नसतं. ‘अंडरस्टँड?’ असं विचारावं. ‘येस सर!’ असा कौलं हलवणारा प्रतिसाद येतो. हे समजल्याचं लक्षण नाही. तास संपत आला, याची ती पोच आहे.

मुलांच्या तोंडचं अस्सल इंग्रजी संभाषण उंबऱ्यावर होतं. ‘मे आय कम इन सर?’ हे ज्याला आत यायचंय तो विचारतो आणि ‘मे आय गो टू टॉयलेट?’ ज्याला बाहेर जायचंय तो. दोन्ही वाक्यांत गरज खरी असते, म्हणून ती कुणी चुकत नाही. या निरीक्षणावर विचार करत बसू नये. त्यातून शिकवण्याची पद्धत बदलावीशी वाटते आणि पोर्शन मागे पडतो.

दहावीला येताच इंग्रजी म्हणजे गुण. शंभरातले ८० लेखी, २० अंतर्गत. या वीसमध्ये श्रवण आणि संभाषण येतं. थोडक्यात, बोलण्याची परीक्षा शाळेतच होते आणि ती सर घेतात. रोल नंबर एक ते साठ, सर्वांना अठरा. अक्षर बरं असेल तर एकोणीस. मग पास व्हायला लेखी ऐंशीतले फक्त सतरा लागतात, आणि ते फॉरमॅट पाठ असला की मिळतात : पत्राचा पत्ता कोपऱ्यात, कवितेच्या रसग्रहणात कवीचं नाव, यमक, अलंकार आणि ‘आय लाइक धिस पोएम व्हेरी मच’.

२०१९ च्या परीक्षेत शासनाने भाषांचे हे अंतर्गत गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर घसरला. दंगा झाला. पुढच्या वर्षी गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात महाराष्ट्र इंग्रजी विसरला आणि एका वर्षात शिकला. इतका वेगवान भाषाभ्यास ‘रॅपिडेक्स’लाही जमलेला नाही.

पायरी सातवी : गावाचा दुभाषी

नेमणुकीनंतर आठवडाभरात गाव तुमची खरी परीक्षा घेतं, आणि तिला पर्याय नसतात. पीकविम्याचं पत्र, बँकेची नोटीस, फवारणीच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, लष्करातल्या पोराच्या पेन्शनचे कागद, सगळं सरांकडे येतं.

रात्री आठला कडी वाजते. आजी पदराखालून प्लास्टिकची पिशवी काढते, पिशवीतून वर्तमानपत्र, वर्तमानपत्रातून चार घड्यांचा कागद. ‘सर, नगरच्या दवाखान्यानं दिलंय. काय म्हनतोय डाक्टर, तेवढं सांगा. पोरगं काय बोलंना.’ कागदावर अर्ध्या ओळी छापील आणि अर्ध्या डॉक्टरांच्या हस्ताक्षरात. छापील भाग कळत नाही, हस्ताक्षर वाचता येत नाही.

अशा वेळी कागद दिव्याजवळ धरावा, चष्मा वर सरकवावा आणि ‘मीठ कमी करा, गोळ्या टायमाला घ्या’ असं सांगावं. हा सल्ला बहुतेक आजारांना लागू पडतो. मग पोराला अंगणात गाठून ‘उद्याच डॉक्टरला नीट भेट’ म्हणावं. दुसऱ्या दिवशी आजी वाटीभर शेंगदाण्याचे लाडू पाठवते. ते घ्यावेत, पण त्या दिवशी फळ्यावर ‘रिमूव्ह टू’ लिहिताना हात जरा अडखळला तर तो मानसिक थकवा समजावा.

पायरी आठवी : बाकीची कामं

तासांव्यतिरिक्त यू-डायसची माहिती, बीएलओचं काम, शालेय पोषण आहाराचा हिशेब, शिक्षण परिषद आणि फोटो. फोटो महत्त्वाचा. वृक्षारोपण झालं नसेल तरी चालेल, रोप हातात धरलेला फोटो ग्रुपवर पाच वाजेपर्यंत गेला पाहिजे. इंग्रजीच्या सरांना याशिवाय मुख्याध्यापकांची सगळी इंग्रजी पत्रं, संस्थाचालकांच्या नातवाचा ॲडमिशन फॉर्म आणि गॅदरिंगच्या प्रमुख पाहुण्यांचा परिचय लिहावा लागतो.

पायरी नववी : बोलणे (ऐच्छिक)

ही पायरी वगळली तरी सेवानिवृत्तीपर्यंत काही अडत नाही. तरीही काही हट्टी उमेदवार विचारतात, म्हणून देत आहोत.

रोज पंधरा मिनिटं पुस्तक मिटावं आणि वर्गाशी इंग्रजीत बोलावं. पाऊस, कांद्याचा भाव, एसटी का आली नाही, काल कुणाची म्हैस व्याली. स्वतःचं इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल. पोरांचं आणखी मोडकं असतं, त्यामुळे कुणी कुणाला हसत नाही. पहिले काही दिवस वर्ग दगडासारखा बसतो. शिपाई दारातून बघून जातो आणि ऑफिसात सांगतो की सरांना बरं नाही.

मग गळीत हंगाम संपतो. आईबाप कोयत्यावर गेले म्हणून आजीपाशी राहिलेली शेवटच्या बाकावरची पोरगी एका सकाळी आपणहून उभी राहते आणि म्हणते, ‘सर, माय मदर कम येस्टरडे.’

इथे दोन मार्ग आहेत. नियमानुसार ‘कम नाही, केम!’ असं म्हणून वाक्य फळ्यावर दुरुस्त करावं आणि वर्गाकडून पाच वेळा लिहून घ्यावं. पोरगी खाली बसते. व्याकरण शुद्ध राहतं. ती पुन्हा उभी राहत नाही.

दुसरा मार्ग असा : ‘केम? व्हेरी गुड! फ्रॉम विच फॅक्टरी?’ मग ती कारखान्याचं नाव सांगते. शेजारची म्हणते, ‘माय मदर ऑल्सो.’ तिसरा बैलाचं सांगतो, चौथा मुकादमाचं, आणि ‘उचल’ला इंग्रजीत काय म्हणायचं यावरून वर्गात आरडाओरडा होतो. पोर्शन चार दिवस मागे पडतो. मग त्यांच्यातलं कुणीतरी असं काहीतरी विचारतं, ज्याचं उत्तर तर्खडकरात नसतं, रेन-मार्टिनमध्ये नसतं आणि गाईडमध्ये तर नसतंच. त्या प्रसंगासाठी ‘आय डोन्ट नो. लेट अस फाइंड आऊट’ हे वाक्य रोज सकाळी आरशासमोर म्हणून पाठ करावं. संपूर्ण मार्गदर्शिकेत पाठांतराची खरी गरज एवढ्याच वाक्याला आहे.

ही पायरी पार केलेल्या उमेदवारांनी नोंदणीसाठी कार्यालयात चकरा मारू नयेत. त्यासाठी पोर्टलवर रकाना नाही आणि मागणी केल्यास जादा माहिती मागवली जाते, तीही फोटोसह, पाच वाजेपर्यंत.